मागून येणारे आवाज

अक्षयने माझ्या वर्कशॉपवरचे अभिप्राय सकाळी पाठवले. पुण्याच्या डेव्हलपर परिषदेत मी ते वर्कशॉप प्रत्यक्ष घेणार होते. घेतलं उमरखेडच्या घरातून, लॅपटॉपवर. अब्बांना जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. परिषद भरवणाऱ्या अक्षयला मी एवढंच कळवलं होतं की प्रवास जमणार नाही.

‘मागे सतत बायकांचे आवाज. घर आहे की बाजार?’

‘विषय उत्तम, पण शिकवणाऱ्या बाईंनाच त्यात रस नाही.’

‘दुपारचं जेवण गार होतं.’ हेही माझ्याच खात्यात.

‘बाई एकदाही थांबल्या नाहीत. प्रश्न विचारायला फटच नव्हती.’

हा शेवटचा खरा होता. मयताच्या घराचं दार लावून घेता येत नाही. पलीकडच्या खोलीत बायका कुरआन वाचत होत्या. मी थांबले असते तर ते ऐकू आलं असतं, आणि मग मला पुढे बोलता आलं नसतं.

थोड्या वेळाने अक्षयचा फोन आला.

“रुबीनाताई, गुणांची सरासरी फारच खाली आलीय. अशाने पुढच्या परिषदेत तुम्हाला घेता येणार नाही. घरी काही अडचण होती का? तसं असेल तर समिती हे अभिप्राय धरत नाही.”

“नेट नीट नव्हतं,” मी म्हणाले.

“नेटचं कारण चालत नाही हो. दुपारपर्यंत विचार करून कळवा.”

आतून अम्मी म्हणाली, “खोटं काहून बोलली?”

अम्मी इद्दतीत आहे. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. तिचं माहेर मारेगावकडचं, शेतकऱ्याचं, बोलते वऱ्हाडीच.

“अब्बांच्या नावावर मार्क मागू?”

“मार्क कोन मागाले सांगते? बाप गेला, तं गेला म्हन. शेजारची गौहर रोज येऊन माहंच दुःख मलेच समजावते, आयकलं ना म्या? तुले एक वाक्य जड झालं.” मग म्हणाली, “आन पुन्याले वापस काहून गेली नाहीस? इद्दत माही हाय, तुही नाही.”

मी भांडी घासायला घेतली. शेजारीपाजारी मी सांगत होते, अम्मी एकटी आहे म्हणून राहिले. अम्मी एकटी कधीच नसायची.

दुपारी मीच फोन केला. “अक्षय, नेटचा प्रश्न नव्हता. माझे वडील...”

“अरे. सॉरी, ताई. कळलं. पुढे नका सांगू.” तो मनापासून म्हणत होता. “मी ‘वैयक्तिक कारण’ टाकतो. सगळे अभिप्राय निघून जातील.”

“सगळे नको. न थांबण्याबद्दलचा राहू दे. तो बरोबर आहे.”

“तसं निवडता येत नाही. राहिले तर सगळे, गेले तर सगळे.”

माझ्या कामाबद्दल कोणी एवढं नेमकं क्वचितच बोललं होतं. पण मला पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं होतं, लोकांसमोर, या घराबाहेर.

“काढ,” मी म्हणाले.

अम्मीने विचारलं, “सांगतलं?”

“सांगू दिलं नाही त्याने.”

तिने पाय आखडून पलंगावर जागा केली. “मंग मले सांग.”

मी बसले. सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी पुण्याहून पोचले तोवर लोक कब्रस्तानातून परतून हातपाय धूत होते. अब्बांना शेवटचं मी पाहिलं नव्हतं, आणि ते कसे गेले हे इथे आल्यापासून कोणाला विचारलंही नव्हतं.

“तूच सांग,” मी म्हणाले.

अम्मीने मला नीट पाहून घेतलं. “पक्कं? मंग मधात उठाचं नाही.”

“नाही उठत.”

“सकाळी त्याहीनं चहा मांगतला,” अम्मी म्हणाली, “आन म्या म्हनलं, दूध नासलं हाय, थांबा जराकसे.”

तिथेच मला उठावंसं वाटलं. तिने माझं मनगट धरलं आणि पुढे सांगू लागली.