दिव्याचा गेटपास

आईने बॅगेतून इस्त्री उचलली, वायर गुंडाळली आणि सरळ कपाटावर ठेवून दिली. पाठोपाठ मोठा आरसा गेला, सहा कपांचा खोका गेला, आणि आत्याने हौसेने पाठवलेली जाडजूड रजई तर तिने बॅगेजवळ फिरकूसुद्धा दिली नाही. ठकी पलंगावर पाय सोडून बसली होती. सकाळपासून मन लावून भरलेली बॅग दुपारपर्यंत अर्धी झालेली ती निमूट पाहत होती.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. होस्टेलवर काय लागतं आणि काय लागत नाही, हे आईइतकं जाणणारं माणूस शोधून सापडलं नसतं. एकोणीस वर्षं ती मुलींच्या होस्टेलचे तीन मजले झाडत-पुसत होती. मुली काय मिरवत आणतात, काय आठवड्याभरात पलंगाखाली ढकलतात आणि जाताना काय टाकून जातात, ते तिला तोंडपाठ होतं. एक इस्त्री अख्ख्या मजल्याला पुरते. कप एकच लागतो, बाकीचे पाच धूळ खातात. आरसा हवा कशाला, कशी दिसतेस ते सांगायला मैत्रिणी टपलेल्याच असतात.

आता हेही खरं, की मुली असं टाकून जात म्हणून तर यांचं घर भरलं होतं. पाणी तापवायची किटली त्यातलीच, दारातलं पायपुसणं त्यातलंच. रसायनशास्त्राच्या एका पुस्तकात कुणीतरी समासात बारीक अक्षरात ‘हे हमखास विचारतात’ असं लिहून ठेवलं होतं, आणि ते परीक्षेत खरोखरच विचारलं गेलं. त्या न पाहिलेल्या मुलीचे ठकीने मनातल्या मनात किती वेळा आभार मानले, त्याला गणती नव्हती.

आईचा हात शेवटी दिव्यापर्यंत पोचला. वाकड्या मानेचा, टेबलावर ठेवायचा दिवा. पाचवीपासून ठकी त्याच्याच उजेडात बसून शिकली होती.

“हा राहू दे ना,” ठकी म्हणाली.

तिथे डोक्यावर चांगली ट्यूब असते, आई म्हणाली. असले दिवे पहिला महिना टेबलावर राहतात आणि मग कायमचे कपाटावर जातात.

“मला याच्याशिवाय काही डोक्यात जात नाही.” ठकीला हे हसत म्हणायचं होतं, पण आवाजाने दगा दिला. “तिथं सगळ्या हुशार मुली असणार, आई. मलाच नाही जमलं तर?”

दिवा मांडीवर घेऊन आई फडक्याने त्याची मान पुसत बसली. मग तिने तो दिवा घरी कसा आला ते सांगितलं. इतक्या वर्षांत ती हे कधीच बोलली नव्हती.

तीन वर्षं राहून घरी निघालेल्या एका मुलीने तो तिला दिला होता. दिला म्हणजे घाईघाईत, तोंडी. संध्याकाळी फाटकावर नव्या वॉचमनने आईची पिशवी उघडायला लावली आणि गेटपास मागितला. गेटपास कुठला असणार? रेक्टरबाई आल्या. ‘चोरी’ हा शब्द तोवरच्या अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा आईच्या वाट्याला आला. समोर टेबलावर दिवा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत मान खाली घालून उभी आई, असा तास गेला. कुणीतरी त्या मुलीला फोन करून कळवलं. ती स्टेशनवर होती, गाडी सुटायच्या बेतात होती. दोन्ही बॅगा घेऊन ती खाली उतरली आणि धापा टाकत परत आली. वॉचमनच्या वहीत तिने ठसठशीत लिहिलं, ‘ही वस्तू मी माझ्या मर्जीने दिली आहे.’

“मग वॉचमन म्हणाला, कुणाला दिली ते लिहा. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तीन वर्षं मावशी मावशी करायची, नाव कुठं ठाऊक होतं! तिथंच विचारलं मग, मावशी, तुमचं नाव काय? एकोणीस वर्षांत नाव विचारणारी तेवढी एकच.”

आईने फडक्याची घडी घातली.

“माझी नोकरी वाचवली तिनं. स्वतःची गाडी घालवून बसली. आणि मी तिला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.”

मग ती उठली, दिवा नेहमीच्या जागी फळीवर ठेवला आणि ठकीला आंघोळीचा टॉवेल शोधायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी आईला सुट्टी मिळाली नाही. तिच्याही होस्टेलवर नव्या मुली यायच्या होत्या, आणि खोल्या तिनेच धुवायच्या होत्या. ठकीला सोडायला वडील आले. बॅग दोन जिने वर चढवताना, एवढं सामान काढून ही अजून शिशासारखी जड कशी, असं ते दोनदा पुटपुटले.

ते गेल्यावर ठकीने बॅग उघडली. तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेला दिवा होता. बल्ब वेगळा काढून तिच्याच मोज्यात खुपसला होता. ती एकटीच मोठ्याने हसली आणि मग तिने डोळे पुसले. आईचे किती आणि कशाकशासाठी आभार मानायचे, तेच तिला कळेना.

दिव्याच्या मानेला दोऱ्याने एक घडीचा कागद बांधला होता. आईने पट्टीने रेघा मारून, एकेक अक्षर कोरून लिहिलं होतं. ‘ही वस्तू मी माझ्या मर्जीने मावशी’, पुढे मोकळी जागा, मग ‘यांना दिली आहे.’ खाली तारीख आणि सही, दोन्ही जागा कोऱ्या. आणि अगदी शेवटी, ‘शिक्षण झालं की मग दे. घाई नाही.’

ठकीने बल्ब लावला, दिवा टेबलावर ठेवला आणि कागद त्याच्यासमोर उलगडून ठेवला. बाहेर व्हरांड्यात झाडूचा आवाज एकेक दार ओलांडत जवळ येत होता. तो तिच्या दाराशी आला तशी ती कागद आणि पेन घेऊन उंबऱ्यापाशी गेली.

“मावशी, तुमचं नाव काय?”

बाईचा हात थांबला. झाडू तसाच धरून ती सरळ उभी राहिली.

“का हो ताई? काही हरवलंय का?”

“नाही,” ठकी म्हणाली, आणि तिने पेनाचं टोपण काढलं.