झाकलेला आकडा

ला सेरेनाच्या वेधशाळेत हिमेनाने एकाच ग्रहापायी तीन वर्षं घातली. ग्रहाचं वस्तुमान काढायचं तिने, त्रिज्या काढायची तिचे गुरू डॉन एर्नान यांनी. दोन्ही एकत्र आले की ग्रहाच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व कळणार, आणि ते शुक्रवारी दोघांच्या नावाने जाहीर होणार, असं ठरलं होतं. त्या दिवसासाठी तिने कांदा-खिमा भरलेल्या खमंग करंज्या, एम्पानाडाही सांगून ठेवल्या होत्या.

बुधवारी सकाळी पाव आणायला गेली, तर पेपरच्या पहिल्या पानावर सर हसत होते. ‘पृथ्वीइतकंच गुरुत्व! माणूस तिथे आरामात चालेल!’ खाली गणितही दिलं होतं. वस्तुमान पृथ्वीच्या चौपट, त्रिज्या दुप्पट, तिचा वर्ग चार. चाराला चाराने भागलं की एक. हिमेनाचं नाव शेवटच्या ओळीतसुद्धा नव्हतं. मेहनत हिची आणि आयत्या बिळावर नागोबा! पाव न घेताच ती तडक सरांच्या खोलीत गेली.

“माझी वही उघडलीत?”

“घाई होती, पोरी. दुसरे लोक उद्या जाहीर करणार होते. तुझं नाव घालू की नंतर!”

“मीठ आहे का ते, वरून भुरभुरायला?”

तिच्या खोलीची किल्ली तिनेच त्यांना दिली होती. ज्या माणसापुढे कधी दार लावून घेतलं नाही, त्यानेच केसाने गळा कापला. तिला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

“वहीतले चार खरे नाहीत, सर. आठ आहेत. गुरुत्व दुप्पट आहे. तिथे चालणाऱ्याचे गुडघेच बोलतील.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. एकाचा आकडा पाहून दुसरा नकळत आपलं मोजमाप वाकवतो, म्हणून खरा आकडा शेवटपर्यंत बदलून लिहायचा, अगदी स्वतःच्या वहीतही, ही शिस्त त्यांचीच. तिने खरे आठ निम्मे करून लिहिले होते.

“अगं, पण माझ्यापासूनसुद्धा लपवलंस?” त्यांना खरोखरच लागलं होतं.

“तुम्हीच शिकवलंत. शुक्रवारी पहिल्यांदा तुम्हालाच सांगणार होते.”

सर खुर्चीत बसले. “आता काय करायचं, पोरी?”

तीन वर्षं हाच प्रश्न ती त्यांना विचारत आली होती. तिने हात पुढे केला.

“आधी माझी किल्ली द्या.”