सतराव्या प्रभागाचं तोरण

सावरगव्हाण हे शहर आहे. हसू नका, सरकारी कागदावर तसंच लिहिलंय. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या खुर्चीत मुख्याधिकारी मॅडम येऊन बसल्या. बाकी आष्टीच्या रस्त्यानं एसटीतून जाताना डोळा लागला, तर हे शहर कधी आलं नि कधी गेलं ते कळायचं नाही.

पण शहर म्हटल्यावर स्वागताची कमान पाहिजेच. ती कुठं उभी करायची यावर सभा बसली.

"मारुतीपाशी," नगराध्यक्ष कचरूआप्पा म्हणाले.

सतराव्या प्रभागाच्या नगरसेविका सुगंधाबाई सावध झाल्या. मारुतीच्या पुढं ओढा आणि ओढ्यापलीकडं त्यांची धनगरवस्ती. नकाशात वस्ती शहरातच होती. पण मारुतीपाशी एकदा कमान उभी राहिली, की वस्ती कायमची बाहेर पडणार. दिवे कमानीपर्यंत, नळ कमानीपर्यंत, डांबर कमानीपर्यंत. मतं तेवढी पलीकडची चालतील.

"आप्पा, कमान वस्तीच्या पल्याड घ्या," त्या म्हणाल्या. "वस्ती बी शहरातच हाय."

"पोळ्याचं तोरण जिथं बांधतेत तिथं गावाची हद, गावाची येस असती, सुगंधाबाई. कमान बी तिथंच होईल. लिवा मॅडम ठराव."

'पोळ्याचं तोरण तिथं कमान,' असा ठराव मॅडमनी लिहिला, आणि सुगंधाबाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. आप्पा खूश झाले.

आता आप्पांचं चुकलं कुठं, ते सांगतो. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी त्यांची निघते. त्या तोऱ्यात त्यांनी तोरण बांधतं कोण, हे जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तोरण बांधायचा मान पिढ्यान्‌पिढ्या वस्तीचा होता.

"आगं, आप्पा खवळतील," सुगंधाबाईंचे नवरे मल्हारी म्हणाले. "बाप-आज्यानं मारुतीपाशीच बांधलं."

"त्यांला कुणी शहरात धरलंच न्हवतं. आपल्याला धरलंय. मंग आपली येस आपल्या पल्याड नको का? जल्दी दोर काढा."

पोळ्याच्या दिवशी वस्तीच्या शेवटी, आष्टीच्या अंगाला, दोन कडुलिंबांच्या मधे आंब्याच्या पानांचं तोरण चढलं. दारादारात बाया ताटं घेऊन उभ्या राहिल्या. दुपार कलली तरी कुणी येईना. सुगंधाबाईंचा जीव टांगणीला लागला. कुणी आलंच नाही, तर तोरण म्हणजे नुसता दोर. होता तो मानही हिनं घालवला, असं वस्तीनंच त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं.

तेवढ्यात ओढ्याकाठी हलगी वाजली. सुगंधाबाई धावतच गेल्या. मारुतीपाशी तोरण दिसलं नाही म्हणून पलीकडच्या काठावर झूल घातलेली जोडी धरून आप्पा उभे, त्यांच्यामागं गावची बैलं, बैलांमागं फुगे लावलेले ट्रॅक्टर.

"हे काय करायलीस तू, सुगंधा?" रागात आप्पांचं 'बाई' गळून पडलं होतं.

"ठराव तुमचाच हाय, आप्पा. म्या तर निस्ता हात वर केल्ता."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पा लालबुंद झाले. पण करतात काय? बाशिंग बांधलेली जोडी तोरणाखालून न काढता माघारी नेणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. त्यांनी दातओठ खात बैल पाण्यात घातले.

वस्तीच्या गल्लीत दारोदार बैलांच्या पायांवर पाणी पडलं, कपाळाला कुंकू लागलं, पुरणपोळीचा घास मिळाला. आपल्या बैलांचं एवढं कौतुक होताना माणूस किती वेळ फुगून बसेल? आप्पांच्या कपाळावरची आठी सैल झाली न झाली, तोच एका बैलाचा पाय चिखलात रुतला.

"हा काय रस्ता हाय का? कुणाच्या हद्दीत येतो ह्यो?" आप्पा कडाडले.

"आपल्याच, साहेब," मिरवणुकीसोबत आलेल्या मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या. "प्रभाग सतरा."

आप्पांनी बैलाचा पाय चिखलातून सोडवला नि जोडी तोरणाकडं हाकली.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, पहिली जोडी तोरणाखालून निघाली. आप्पा मागं वळले आणि तिथंच थांबले. वस्तीचं ते टोक चढावर आहे. तिथून वस्तीची घरं, ओढा, मारुतीचा झेंडा, बाजार, पाण्याची टाकी, पार शाळेपर्यंत सगळं एका नजरेत येतं. आप्पांचा सारा जन्म त्याच्या मधोमध गेला होता. या बाजूनं त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"आपलं गाव एवढं मोठं हाय व्हय?" ते हळूच म्हणाले.

सुगंधाबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला. वस्ती धरून 'आपलं' म्हणताना आप्पांना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"हाय ना, आप्पा," त्या म्हणाल्या. "आमी तर रोजच बघतो."

आप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग दोन लिंबांच्या मधे पायानं मातीत रेघ ओढून, कमानीचे खांब कुठं रोवायचे ते त्यांनी मॅडमना दाखवलं.