रिकाम्या ओळी

“ओसाड घर आहे ते, वर्षा. पाडून टाकू,” संदीप जिल्ह्याच्या कार्यालयातून फोनवर म्हणाला.

जव्हारच्या रुग्णालयात नोंदी भरणाऱ्या वर्षासमोर ते घर संगणकाच्या पडद्यावर उघडं होतं: मुलांच्या वजनांचा जुना तक्ता. प्रत्येक मुलाला दर महिन्याची एक ओळ, मूल आलं नाही तरी. नव्या तक्त्यात फक्त वजन झालेली मुलं. जुना कोणी उघडत नसे, आणि त्याच्या ओझ्यानं सकाळचा अहवाल दुपारी निघे. कविता सिस्टरची बोलणी वर्षाच खाई.

ठेवायचा की काढायचा?

“अर्धाअधिक रिकामा आहे गं. दिवाळीनंतर तर वजनंच नाहीत.”

“दिवाळीनंतर गाव कुठे असतं, दादा?”

वावर गावाहून पेशंट घेऊन आलेली आशा कार्यकर्ती धोंडीबाई बाकावर बसली होती. फोनवरचं ऐकून तिनं तोंड घातलं.

“सांग त्याला बाय, पोरां भट्टीवर गेलीत. वजन काय वाऱ्याचा करू?”

वर्षा हसली, आणि तिनं नवा तक्ता उघडून पाहिला. नव्या तक्त्यात दर हिवाळ्यात कुपोषण घटायचं. घटायचं काय? अशक्त पोरं आईबापांमागे वीटभट्टीवर गेलेली असायची. जुना तक्ता गेला, की ती कुठे गेली हे विचारायलाही जागा उरणार नव्हती.

“ते रिकामं नाही, दादा. ती मुलं आहेत.”

“पटतंय गं. पण कारण लिहावं लागेल, जबाबदार माणसाचं नावही. अहवाल रखडला की साहेब तुलाच धरणार. मार्चात तुझं कंत्राट संपतंय.”

“माहितीये,” म्हणत तिनं पडद्यावरचा अर्ज भरायला घेतला.

निर्णय: ठेवायचा.

कारण: मुलं परतायची आहेत.

जबाबदार:

हात थांबला.

“लिव ना. माझा पन लिव,” धोंडीबाई म्हणाली.

“एकच नाव बसतं इथे.”

“मंग तुझा लिव. माझा लांब हाय.”

वर्षा जगन भोये.

दुसऱ्या दिवशीही अहवाल दुपारीच निघाला. कुपोषित मुलांच्या आकड्याखाली वर्षानं स्वतःहून एक ओळ जोडली होती: वजन न झालेली मुलं. तिथला आकडा वरच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

फोन वाजला.

“साहेब असतील. उचलू नको, जरा थंड होऊ दे त्यांना,” कविता सिस्टर दारातून म्हणाली.

वर्षानं उचलला.

“हो सर. मीच जोडलीय. उद्याही असेल.”