कुंकवाचा गंज

दसऱ्याच्या पूजेत बायकोने माझ्या रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू लावलं, वर पाणीही शिंपडलं. मी चिडून बंदूक-परवानेवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, "आता गंज चढणार, काय करू?"

सल्ल्यांचा पाऊस पडला. हरमलचा प्रवीण म्हणाला, खोबरेल चोळ. साखळीचा गौरेश म्हणाला, खोबरेल कसलं, बंदुकीचंच तेल हवं. दोघे त्यावरच भांडायला लागले. फडकं शोधत मी घरभर फिरत होतो.

तेवढ्यात भिकाजीमामांचं उत्तर आलं. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, एरवी ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही.

"गंज मरू दे रे. फोटोत आतली काडतुसं दिसतात."

मी देवघराकडे धावलो. माझी चार वर्षांची गौरवी रिव्हॉल्व्हरच्या नळीत झेंडू खोचत होती.