तू फक्त धर

शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखी फुटला, पण टेबलावर एक थेंबही सांडला नाही.

काच कापताना तिच्यावर हिऱ्यानं एकच ओरखडा काढायचा. मग ती टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवायची. दाबायची नाही.

वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा सोलला की त्यावर आपल्याच बोटाच्या रेषा दिसतात.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत पुठ्ठ्याचं एक हृदय आहे. त्याच्या झडपा उघडतात, मिटतात. खाली एका मुलीचं नाव आहे.

"हललीस ना? आता परत," वडील म्हणायचे.

ती मुलगी आता एका लांबलचक हॉलमध्ये बसली आहे. समोर पांढरा पुठ्ठा, कटर, पट्टी, गोंदाची बाटली. आर्किटेक्चर कॉलेजची प्रवेशपरीक्षा. लेखी पेपर सकाळी झाला, बरा गेला. आता हाताचं काम. फळ्यावर लिहिलंय: दोन माणसांना पावसात उभं राहता येईल असा निवारा तयार करा.

देखरेखीवरच्या बाई प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन शब्द बोलत होत्या. पोरांची भीती जावी म्हणून असेल.

"तू का गं आलीस इकडे?"

"शाळेतल्या प्रोजेक्टमुळे." हे उत्तर तिला पाठ होतं. नातेवाइकांना कितीदा तरी दिलेलं. "नववीत पूल केला होता. काड्यांचा. मधोमध वीट ठेवली तरी वाकला नाही. तेव्हाच ठरवलं."

"अरे वा. मग खालून आधार कसा दिला होतास?"

मुलगी पुलाचा विचार करू लागली. पूल दिसत होता. पुलाचं डावं टोक तर अगदी लख्ख दिसत होतं, कारण ते तिनं धरलं होतं. पुढे वडिलांची पाठ होती.

"तिरका," ती म्हणाली.

"छान," म्हणून बाई पुढे गेल्या.

वडिलांचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. चौकटीचा कोपरा त्यांनी जोडला की फट शोधून सापडत नाही. शाळेतून प्रोजेक्ट आला की ते जेवण घाईत उरकायचे, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि म्हणायचे, "ठमे, ये. तू फक्त धर."

ठमी धरायची. पवनचक्कीचं पातं, हृदयाची नळी, धरणाची भिंत. गोंद वाळेपर्यंत श्वास रोखून.

आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, शाळेत तुम्ही जाता की ती?"

"तिचंच आहे गं सगळं. मी नुसता हातभार लावतोय."

यावर तिघंही हसायची. खोटं कुणीच बोलत नव्हतं. वडिलांना खरंच तसं वाटायचं. बक्षीस मिळालं की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "पोरीच्या हातात कला आहे. आमच्या घराण्यात कुणाच्या नव्हती." मग मुलीलाही ते वाटू लागलं. बक्षिसं तिच्याच नावावर होती. आवडही खोटी नव्हती. रस्त्यानं जाताना ती इमारतींकडे मान वर करून बघायची, जिने कुठून चढतात ते शोधायची. तिला दुसरं काहीही व्हायचं नव्हतं.

तिनं पुठ्ठा कापला. कटर पट्टीपासून सुटला. पुन्हा कापला. घडीसाठी हलका काप द्यायचा, हे तिनं पाहिलं होतं. किती हलका, ते पाहून कळलं नव्हतं. पुठ्ठा आरपार कापला गेला. खांब उभे केले, ते एकमेकांकडे झुकले. गोंद जास्त झाला. छप्पर ठेवलं तसं सगळंच हळूहळू एका बाजूला निघालं.

तिनं हात लावला. थांबलं.

मग ती तशीच बसून राहिली. दोन बोटं छपराखाली, अंगठा खांबाला. हात जरासुद्धा कापत नव्हता. असं धरणं त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाला जमलं नसतं. शेजारचा मुलगा आपल्या निवाऱ्याला बाक बसवत होता.

घंटा झाली.

"हात काढ, बाळ," बाई म्हणाल्या.

"हो."

"काढ ना. मला बघायचंय."

"काढते."

बाई थांबल्या. त्यांनी घाई केली नाही, आणि तेच वाईट होतं. मुलीनं हात काढला. निवारा आवाज न करता खाली बसला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

वडील फाटकाबाहेर कठड्यावर बसले होते. तिला बघताच उठले.

"काय होतं?"

"निवारा. पुठ्ठ्याचा."

"हात्तिच्या. खांब गुंडाळून केलेस ना? नुसती पट्टी उभी राहत नाही."

तिनं बोटावरचा वाळलेला गोंद सोलला. मग म्हणाली, "गुंडाळूनच केले."

"आणि छप्पर?"

"दुमडलं."

वडिलांनी लगेच आईला फोन लावला. "अगं, खांब गुंडाळून केले तिनं. नाही, नाही, मी कुठे सांगितलं होतं? तिचं तिलाच सुचलं."

बसमध्ये त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. थोड्या वेळानं म्हणाले, "आता तुला मोठं टेबल लागेल. दुकानातली जाड फळी आहे, तिचं करू. दोघांना बसता येईल असं."

"हो," मुलगी म्हणाली.

दुसरीत असताना, वडील आजारी होते तेव्हा, तिनं एकटीनं मातीची गाय केली होती. गाईला तीनच पाय होते आणि ती उभी राहत होती.