पाटीवरचं बी.ए.

श्रीवत्सला दिसत नव्हतं, पण त्याचा त्याला फारसा त्रास नव्हता. त्रास होता तो सप्तापुरातल्या विद्वत्तेचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर उद्यावर आला, आणि तो सांगेल ते लिहून देणारी मुलगी गालगुंड होऊन घरी बसली. लेखनिक पदवीधर नको असा नियम. आणि सप्तापुरात कुठलंही दार वाजवा, उघडायला एम.ए. यायचा.

शेवटी घरमालक बाळाचार्यच त्याला घेऊन परीक्षा विभागात गेले. कोर्टात कारकुनी करून नुकतेच निवृत्त झालेले. अक्षर असं, की आरोपीसुद्धा समन्स दोनदा वाचत.

"मी लिहितो की," ते म्हणाले.

तिथला कारकून अप्पाजी त्यांच्याच गल्लीतला. "तुम्ही नाही चालत, आचार्य. रोज येता-जाता पाटी वाचतो. बाळाचार्य, बी.ए."

"पाटीचं काय घेऊन बसलास?"

"पितळी आहे हो. आज लेखनिक मिळाला नाही, तर हा पेपर पुढच्या वर्षी."

हुबळीत टेलिफोन ऑपरेटरची एक जागा श्रीवत्ससाठी निकालापर्यंतच थांबणार होती. हे बाळाचार्यांना ठाऊक होतं. महिनाभर गल्लीला तेच सांगत होते.

ते उठले, घरी गेले आणि तासाभराने एक पिवळा पडलेला कागद घेऊन परत आले.

अप्पाजीने वाचला. "बी.ए., एकोणीसशे अठ्ठावन्न. इंग्रजी एकोणतीस. नापास." मग चष्मा पुसला. "पण नंतर पुन्हा बसला असाल."

"बसलो ना." बाळाचार्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. "सव्वीस."

"अभ्यास करून?"

"हो."

"मग हरकत नाही," अप्पाजी म्हणाला आणि शिक्का मारला.

संध्याकाळी बाळाचार्य स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढू लागले. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी खालून स्टूल धरलं.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ते वरूनच म्हणाले.

"माझ्या वडिलांनी लग्नाआधीच चौकशी केली होती. कोर्टातली नोकरी खरी निघाली, तेवढं पुरे म्हणाले."

"आणि पस्तीस वर्षं बोलली नाहीस?"

"दर दिवाळीला पितळ मीच घासते की. बी.ए.पाशी आले की जरा हसून घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी श्रीवत्स सांगत गेला, बाळाचार्य लिहीत गेले. एका उत्तराला 'असं नसतं रे' अगदी ओठांवर आलं. पण सव्वीस आठवले, आणि त्यांनी मुकाट्याने लिहिलं.

निकाल लागला. श्रीवत्सला इंग्रजीत अठ्ठावन्न. तो हुबळीला रुजू व्हायला गेला आणि बाळाचार्य पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत निघाले.

"त्या अठ्ठावन्नात तुमचं काय हो?" कुसुमताईंनी विचारलं.

"अक्षर."

अप्पाजीच्या हातावर त्यांनी दोन पेढे ठेवले. "घे," ते म्हणाले, "इंग्रजी सुटलं एकदाचं."